संदेशातील ‘आचारी’ ‘आचार्य’ होतो तेव्हा...

भिलाई : छत्तीसगड राज्याचे नाव हिंदीत ‘छत्तीसगढ़’ असे लिहिले जाते. पडद्यावर एकसारखे दिसणारे हे नाव संगणकाच्या लेखी मात्र दोन प्रकारचे असू शकते. शेवटचे अक्षर युनिकोडच्या तक्त्यातील २३९७ या एकाच क्रमांकाने साठवता येते किंवा ‘ढ’चा २३३८ आणि खालच्या टिंबाचा, म्हणजे नुक्त्याचा, २३६४ असे दोन क्रमांक जोडून साठवता येते. एका कळफलकावर टंकलेला शब्द दुसऱ्या भ्रमणध्वनीवर शोधला असता तो सापडत नाही, याचे कारण पुष्कळदा हेच असते.

१९५५ सालच्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्यामुळे देशाच्या विविध भागांतील लोक भिलाईत स्थायिक झाले. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. शहरातील नेहरूनगरसारख्या वसाहतीतील मराठी घराचे संदेश पाहिले, तर एकाच ओळीत हिंदी आणि मराठी अक्षरे नांदताना दिसतील. संदेशवहन करणाऱ्या सॉफ्टवेअरची खरी परीक्षा अशाच ओळीत होते.

प्रमाणीकरण म्हणजे काय?

एकाच अक्षराची भिन्न रूपे एका ठरलेल्या रूपात आणणे, यास प्रमाणीकरण म्हणतात. त्यासाठी तयार आज्ञावलींचे संच, म्हणजे लायब्ररी, उपलब्ध आहेत. बर्लिन येथील पब्लिक सॉफ्टवेअर ग्रुपने सुरू केलेली आणि आता ‘ज्युलिया’ या संगणकभाषेचे विकासक सांभाळत असलेली ‘यूटीएफ८प्रॉक’ ही त्यांपैकी एक छोटी, मुक्त स्रोत लायब्ररी होय. तिच्यातून गेल्यावर ‘छत्तीसगढ़’ची दोन्ही रूपे एक होतात आणि शोध यशस्वी होतो.

येथपर्यंत सारे सुरळीत आहे. अडचण निर्माण होते ती मराठीच्या खास अक्षरापाशी.

‘दऱ्या’ आणि ‘दर्या’, ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांतील भेद मराठी वाचकास सांगावा लागत नाही. पहिल्या रूपातील आडवा अर्धा र संगणकावर दोन मार्गांनी लिहिता येतो. एक मार्ग २३५३ क्रमांकाच्या ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरास हलन्त जोडण्याचा. दुसरा, साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे ८२०५ क्रमांकाचे अदृश्य जोडचिन्ह देण्याचा. युनिकोडच्या जुन्या, दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून हा दुसरा मार्गही मान्य ठेवण्यात आला आहे. मात्र युनिकोडच्या नियमांनुसार ही दोन रूपे समतुल्य नाहीत. त्यामुळे प्रमाणीकरण केल्यानंतरही ती निराळीच राहतात.

याहून गंभीर बाब पुढे आहे. अदृश्य चिन्हे घुसवून दुसऱ्याच्या नावासारखेच दिसणारे नाव घेण्याची लबाडी केली जाते. ती रोखण्यासाठी अशी चिन्हे गाळून टाकण्याचा पर्याय या लायब्ररीत आहे आणि जोडचिन्हही त्या गाळणीत सापडते. सदस्यांच्या नावांसाठी असलेली ही गाळणी संदेशाच्या मजकुरालाही लावली गेली, तर ‘जेवणावळीचे पैसे आचाऱ्यांना द्यावेत’ या जोडचिन्हाने लिहिलेल्या निरोपात स्वयंपाक्याच्या जागी थेट आचार्य येतात. आचार्यांची याबाबत तक्रार असण्याचे कारण नाही. स्वयंपाक्याची मात्र असेल. शब्द शुद्ध असल्याने शुद्धलेखन तपासणाऱ्या आज्ञावलीलाही संशय येत नाही. कुटुंबाचे एकत्रित चित्र दाखवणारी इमोजीही याच जोडचिन्हाने बांधलेली असते. चिन्ह गाळताच कुटुंबातील माणसे सुटी होतात.

उच्चारचिन्हे काढून टाकण्याचाही एक पर्याय आहे. फ्रेंच शब्दांच्या शोधासाठी तो सोयीचा ठरतो. मराठीवर त्याचा प्रयोग केल्यास काना आणि वेलांटी गळून ‘मराठी’चे ‘मरठ’ उरते!

अशा त्रुटींचा फटका केवळ भारतीय लिप्यांनाच बसतो असे नाही. संगीत ऐकवणाऱ्या ‘स्पॉटिफाय’ने २०१३ मध्ये असाच अनुभव जाहीर केला होता. एक्सएमपीपी या संदेशवहन पद्धतीसाठी लिहिलेली, ‘ट्विस्टेड’ या मुक्त स्रोत प्रकल्पातील आज्ञावली त्यांनी सदस्यनामांसाठी वापरली होती. काही विशेष अक्षरांतील नाव तिच्यातून एकदा गेल्यावर एक उत्तर येई, दुसऱ्यांदा गेल्यावर वेगळेच. याचा लाभ घेऊन दुसऱ्याच्या खात्याचा परवलीचा शब्द बदलता येत होता.

यावरील उपाय फारसा खर्चिक नाही. पाठवणाऱ्याने लिहिलेला मजकूर जसाच्या तसा जतन करावा आणि प्रमाणित रूप केवळ शोध व तुलनेसाठी वेगळे ठेवावे. जोडचिन्हे गाळायचीच असतील, तर त्याआधी ‘र’, हलन्त आणि जोडचिन्ह या त्रयीचे रूपांतर ‘ऱ’ व हलन्त यांत करून घ्यावे. विकासकाला त्यासाठी जेमतेम एक ओळ लिहावी लागते, पण ती लिहायची तर मराठीतील हा र त्याला ठाऊक असावा लागतो. सर्वसाधारण लायब्ररीकडून ती अपेक्षा करणे रास्त नव्हे. मराठी संदेश स्वीकारणाऱ्या सेवेकडून मात्र आहे.

तोपर्यंत वापरकर्त्याच्या हातीही काही आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘र’च्याच कळीवर, शिफ्ट दाबून, ‘ऱ’ मिळतो. तो वापरून लिहिलेला ‘आचाऱ्यांना’ हा शब्द जोडचिन्हे गाळली गेली तरी बदलत नाही.