नॅनोकण, जनुकोपचार आणि कर्करोग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जनुक किंवा आरएनए वाहून नेणारे मेदाचे नॅनोकण शिरेतून सोडले की ते कर्करोगाची पेशी हुडकून थेट तिच्यातच शिरतात, हा समज क्षेपणास्त्राच्या लाडक्या उपमेने इतका घट्ट केला आहे की, तो पुन्हा पुन्हा खोडावा लागतो. सुमारे १०० नॅनोमीटर आकाराच्या या मेदकणाला ना इंजिन असते, ना दिशेचे ज्ञान. रक्त नेईल तिकडे तो जातो. त्याचे आवरण आतल्या आरएनएला रक्तातील विकरांपासून वाचवते, हे खरे; पण रक्तात शिरताच त्यावर प्रथिनांचा थर चढतो, त्यातील ‘अपोई’ या प्रथिनामुळे यकृताच्या पेशी त्याला ओढून घेतात आणि उरलेले बरेच कण यकृत व प्लीहेतील भक्षक पेशी गिळतात. २०१८ साली अमेरिकेत मंजूर झालेले ‘पॅटिसिरान’ हे अशा कणांतून दिले जाणारे औषध यकृतात बनणाऱ्या प्रथिनावरच काम करते, यामागचे कारण हेच. गाठीतील रक्तवाहिन्या झिरपत्या असल्याने काही कण तिथे साचतात. मात्र दहा वर्षांतील प्राण्यांवरील प्रयोगांचा आढावा घेऊन टोरांटोच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की, दिलेल्या मात्रेपैकी गाठीत पोहोचणाऱ्या वाट्याचा मध्यांक अवघा ०.७ टक्के आहे. पेशीत शिरल्यावरही बहुतेक कण तिच्या पचनकोशिकांतच अडकतात.

मुंबईतील पवईच्या आयआयटीत टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्याने विकसित झालेला आणि ४ एप्रिल २०२४ रोजी लोकार्पित झालेला ‘नेक्सकार १९’ हा रक्ताच्या कर्करोगावरील उपचारही नॅनोकणांचा म्हणून सांगितला जातो, तेही चूक आहे : त्यात रुग्णाच्या टी-पेशी काढून शरीराबाहेर निष्प्रभ केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांत जनुक घातले जाते. कण सूक्ष्म म्हणून निर्धोक, हेही खरे नाही. पॅटिसिरानपूर्वी प्रतिक्रिया टाळण्यासाठी स्टेरॉइड द्यावे लागते. कणांतून दिलेला संदेशवाहक आरएनए जनुकसंच कायमचा बदलतो, हाही गैरसमजच. तो काही दिवसांत विघटित होतो.

नॅनोकणांतून जनुक पोहोचवून कर्करोगावर उपचार करणारे औषध भारतात अद्याप मंजूर नाही. जे आहे ते संशोधन आणि चाचण्या. त्यामुळे ‘नॅनो जनुकोपचार’ देऊ करणाऱ्याकडे रुग्णाच्या कुटुंबाने भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदणीचा क्रमांक मागावा, आणि चाचणीतील प्रायोगिक औषधासाठी पैसे मागितले गेले तर नकार द्यावा.