एका कलमाची तेरा वर्षे

मनुष्याला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला मजकूर यंत्राच्या आज्ञांत उतरवून देणारा जो प्रोग्राम, त्यास कंपायलर म्हणतात. आणि त्या भाषेतील कोणत्या वाक्याचा कोणता अर्थ घ्यावयाचा हे ठरवून देणारा जो दस्तऐवज, ते त्या भाषेचे प्रमाण. सी प्लस प्लस या भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ साली मंजूर झाले, तेव्हा सातशेहून अधिक पृष्ठांच्या त्या ग्रंथाचे तंतोतंत पालन करणारा कंपायलर जगात एकही नव्हता. कंपायलर रचणाऱ्यांच्या आळसाची शंका येथे सहज मनात येते; परंतु हा आरोप मला अन्यायाचा वाटतो, आणि त्याचे कारण त्याच ग्रंथातील 'एक्सपोर्ट' नावाच्या कलमाच्या इतिहासात सापडते.

या भाषेत 'टेम्प्लेट' म्हणून एक सोय आहे. क्रमवारी लावण्याची कृती, ती अंकांची की नावांची हे न ठरविता, एकदाच लिहून ठेवावी आणि जेथे जशी गरज पडेल तेथे तिची तशी आवृत्ती कंपायलरने स्वतः घडवावी, असे तिचे स्वरूप. त्यासाठी कृतीचा सबंध मजकूर कंपायलरला प्रत्येक ठिकाणी समोर लागतो, म्हणून तो हेडर फाइलीत, म्हणजे वापरणारा प्रत्येक जण आपल्या मजकुरात ओढून घेतो अशा फाइलीत, उघडा ठेवणे भाग पडते. हा मजकूर यापुढे स्वतंत्र फाइलीत राहू शकेल, असे वचन 'एक्सपोर्ट'ने दिले. वचन मोहक होते. मात्र कलम ज्या स्वरूपात मंजूर झाले त्या स्वरूपात ते कोणीही अमलात आणून पाहिलेले नव्हते.

पेच होता तो नावांच्या अर्थाचा. टेम्प्लेटमधील काही नावांचा अर्थ ते टेम्प्लेट लिहिले तेथेच ठरतो, तर काहींचा ते वापरले जाते तेथे, पुरविलेल्या माहितीच्या प्रकारानुसार. आणि ही दोन स्थळे दोन निराळ्या फाइलींत गेली, की दोहोंतील नावांची दप्तरे एकाच वेळी उघडी ठेवून, एकीतील खासगी नाव दुसरीत मिसळू न देता, कंपायलरला निवाडा करावा लागतो. एडिसन डिझाइन ग्रुप या लहानशा अमेरिकी संस्थेतील तिघा तज्ज्ञांनी हे काम तडीस नेले. आराखड्याचा काळ सोडून केवळ लेखन आणि चाचणी यांतच एका माणसाच्या हिशेबाने तीन वर्षांहून अधिक श्रम पडले, आणि याच तिघांनी संपूर्ण जावा भाषा दोन वर्षांच्या श्रमांत उभी केली होती! इतके करूनही, टेम्प्लेटची आवृत्ती घडविताना कंपायलरला मूळ मजकूर लागतोच, त्यामुळे तो गुप्त राखण्याची आशा फोल ठरली. प्रमाण ठरविणाऱ्या समितीचे सदस्य हर्ब सटर आणि टॉम प्लम यांनी २००३ मध्ये कलम रद्द करण्याची विनंती समितीस केली. ती तेव्हा फेटाळली गेली, आणि २०११ च्या प्रमाणातून मात्र ते कलम वगळण्यात आले. खेदाची गोष्ट ही, की त्याच २०११ च्या ग्रंथात स्मृतीची आपोआप सफाई करणाऱ्या व्यवस्थेसाठी जी कलमे घातली गेली, त्यांची खरी अंमलबजावणी एकाही प्रचलित कंपायलरने केली नाही, आणि २०२३ च्या आवृत्तीत तीही काढावी लागली.

याखेरीज जुन्या प्रोग्रामांचे ओझे आहेच. 'फॉर' या आवर्तनात घोषित केलेले नाव आवर्तनाबरोबरच संपावे, असे प्रमाण सांगते; जुन्या रूढीप्रमाणे ते पुढेही जिवंत राही, आणि मायक्रोसॉफ्टच्या १९९८ च्या व्हिज्युअल सी प्लस प्लस या कंपायलरने ती रूढी पाळली होती. अशा कंपायलरच्या भरवशावर लिहिलेले असंख्य प्रोग्राम लोकांच्या दप्तरी चालू असताना नियम एका दिवसात फिरविणे म्हणजे निरपराध ग्राहकांचे काम बंद पाडणे होय. टेम्प्लेटमधील नावांचा दोन टप्प्यांत अर्थ लावण्याची प्रमाणाची रीत मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरात २०१७ मध्ये आली, आणि तीही मागणाऱ्यासच मिळेल अशा पर्यायाच्या रूपाने, कारण ती सरसकट लागू केली असती तर त्याच कंपायलरने वर्षानुवर्षे बिनतक्रार स्वीकारलेला कितीतरी मजकूर त्याला नाकारावा लागला असता.