प्रश्नावली पोचली, मावची मागेच राहिली

नंदुरबार जिल्ह्यात, सुरत–भुसावळ लोहमार्गावरच्या चिंचपाड्यातली बरीच मुलं घरी मावची बोलतात, नवापूरच्या बाजारात गुजराती ऐकतात आणि शाळेत प्रमाण मराठीत विज्ञान शिकतात. त्यांना विज्ञान किती येतं, हे परीक्षांनी सतत तपासलं. पण आपल्याला काय कळलं नाही हे मुलाला उमगतं का, अडल्यावर ते दुसरी वाट शोधतं का, फसलेला प्रयोग पुन्हा मांडतं का, म्हणजे शिकण्याची सूत्रं त्याच्या हाती आहेत का, याची विचारपूस फार उशिरा सुरू झाली. शिक्षणशास्त्रात याला स्वयंनियमन म्हणतात.

खानदेशात या वाटेवरचं पहिलं पाऊल त्या मानाने लवकर पडलं. 1974 साली मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं आणि लगेचच प्रा. वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याला ग्रामीण शाळांसोबत काम उभं राहिलं. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्याचा भाग होतं. वेगळा जिल्हा झाला तो 1 जुलै 1998ला. केंद्राच्या त्या काळातल्या कामातून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली: पाठ्यपुस्तकाची भाषा सोपी केली की विज्ञानाचं आकलन सुधारतं. ज्याला आपण ‘विषय जड जातो’ म्हणतो, त्यातला मोठा वाटा भाषेचा असतो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी गंभीर यांनी 1981मध्ये हे मांडलं. माझ्या मते आपल्या भागासाठी त्या दशकातलं सर्वांत मोलाचं निरीक्षण हेच, आणि पुढे तेच सर्वांत जास्त विसरलं गेलं.

दरम्यान अमेरिकेत स्वयंनियमनाच्या मोजमापाची साधनं तयार होत होती. 1986मध्ये झिमरमन आणि मार्टिनेझ-पॉन्स यांनी मुलांच्या मुलाखती घेतल्या: घरी अभ्यास करताना, परीक्षेआधी, कंटाळा आला की तुम्ही काय करता? 1990मध्ये पिंट्रिच आणि डी ग्रूट यांनी सातवीच्या 173 विद्यार्थ्यांना विज्ञान आणि इंग्रजीच्या वर्गांत लेखी प्रश्नावली दिली. मुलांनी प्रत्येक विधानाला एक ते सात गुण द्यायचे. 2011मध्ये ऑस्ट्रेलियात वेलायुथम आणि सहकाऱ्यांनी खास विज्ञानवर्गासाठी प्रश्नावली बेतली. प्रश्नावली स्वस्त, झटपट, आकड्यांत मावणारी. त्यामुळे तीच जगभर पसरली आणि भाषांतरित होऊन आपल्या बी.एड., एम.एड.च्या प्रबंधांतही आली. मूल प्रश्नावलीत सांगतं ते आणि प्रत्यक्ष काम करताना वागतं ते, यांचा मेळ अनेकदा बसत नाही, असा इशारा फेनमनसारख्या संशोधकांनी दिला होता. तो तितक्या वेगाने पसरला नाही.

चिंचपाड्याच्या मुलासमोर अशी प्रश्नावली ठेवून पाहा. ‘मी अभ्यासाचे पूर्वनियोजन करतो’ या वाक्यापुढे ‘अंशतः सहमत’वर खूण करायची. मूल गुरुजींच्या चेहऱ्याकडे बघेल आणि त्यांना आवडेल ती खूण करील. आपण मोजलं काय? मराठीचं वाचन आणि आज्ञाधारकपणा. हेच मूल बल्ब पेटला नाही तर सेल उलटा लावून बघतं, तार खरवडतं, शेजारच्या गटाची जोडणी न्याहाळतं आणि हे सगळं मावचीत बोलत करतं. स्वयंनियमन तिथे आहे. ते कागदावर उतरत नाही.

राज्याने नंतर हे टिपायची सोय केली. 20 ऑगस्ट 2010च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. निरीक्षण, प्रयोग, प्रकल्प आकारिक मूल्यमापनात आले आणि वर्णनात्मक नोंदींना जागा मिळाली. कल्पना उत्तम होती. पण बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आली आणि पानभर मुलांपुढे एकच वाक्य उतरू लागलं. शिक्षकाला दोष देऊन भागणार नाही. दोन-तीन इयत्ता एकत्र, वर शालाबाह्य कामं, यात एकेका मुलाला निरखायला वेळ कुठून आणणार? बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकांतल्या ‘करून पहा’, ‘जरा डोके चालवा’ या चौकटींनीही संधी दिली होती. नोव्हेंबर 2020मध्ये व्हॉट्सअपवर ‘स्वाध्याय’ हा घरबसल्या सरावाचा उपक्रम आला, तेव्हा घरात स्मार्टफोन आहे की नाही यावर सगळं येऊन ठेपलं. आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार समग्र प्रगतिपत्रक येत आहे. त्यात मुलाने स्वतःचं आणि सोबत्याचंही मूल्यमापन करायचं आहे.

इथेच सावध व्हायला हवं. हे प्रगतिपत्रकही प्रमाण मराठीतली खूण-यादी होऊन नवापूर तालुक्यात पोचलं, तर 2010चीच गत होईल. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने मावची, कोकणी, भिली बोलणाऱ्या शिक्षकांना बसवून स्वमूल्यमापनाचे प्रश्न त्या बोलींत तयार करावेत आणि ते तोंडी विचारावेत. शिक्षकांनी आठवड्याला दोनच मुलं निवडावीत, पण त्यांनी काय केलं, अडल्यावर काय बदललं, काय विचारलं, हे त्यांच्याच शब्दांत देवनागरीत लिहून ठेवावं. असं वर्षभर केलं, तर जिल्ह्याला स्वतःचं मोजमाप मिळेल. त्यासाठी नवा निधी लागत नाही. या नोंदींचा वेळ शिक्षकाच्या कामाचा भाग मानणारा आदेश लागतो, आणि तो जिल्हा परिषदेने काढावा.