चार्ज न होणारा खेळ

"बाबा, हा चार्जच होत नाही!" असे म्हणत मुलगी हातातली काळी पडलेली पाटी तुमच्यापुढे धरते. एवढ्याशा खेळासाठी डोळ्यांत पाणी कशाला, असे तुमच्या मनात येईल. पण तिचे काही चुकत नाही. २०१७ साली निघालेल्या निन्टेंडोच्या 'स्विच' या यंत्रात खेळाचे कार्ड वेगळे असले, तरी महिनोन्महिने खेळून तिने मिळवलेले सारे यंत्राच्या पोटातच साठलेले असते. तेव्हा "जाऊ दे, नवा घेऊ" असे इतक्यात म्हणू नका. यंत्र मेले असे आपल्याला वाटते, त्या वेळी पुष्कळदा ते नुसते उपाशी असते.

तपासणी भिंतीपासून सुरू करा. आपल्याकडे हे यंत्र पुष्कळदा परदेशातल्या मामा-काकांकडून येते. तिकडच्या चार्जरच्या चपट्या पिना आपल्या गोल भोकांत बसत नाहीत. मग मध्ये एक जोडपिन लागते, आणि ती हलते! व्होल्टेजची मात्र काळजी नको; हा चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो. तो भिंतीतून आणि यंत्रातून, दोन्हीकडून काढा, अर्धा मिनिट तसाच राहू द्या, आणि मग थेट भिंतीत लावून पाहा. मोबाइलच्या चार्जरवरही हे यंत्र हळूहळू चार्ज होते. मात्र टीव्हीला जोडण्याच्या डॉकला १५ व्होल्ट लागतात, म्हणून तिथे तो चार्जर लावून चित्र आले नाही, तर यंत्राला दोष देऊ नका.

आता यंत्राचे तोंड, म्हणजे केबल जिथे शिरते ते भोक, बॅटरीच्या उजेडात बघा. दप्तरातला कापूस, बिस्किटाचा चुरा, काय काय निघते! यंत्र बंद करून कोरड्या लाकडी दातकोरणीने हलक्या हाताने काढा. सुई किंवा टाचणी नको. आतली जीभ नाजूक असते, आणि धातूने दोन टोके जुळली तर बरे होणारे दुखणे जिवावर बेतेल.

आता धीर धरण्याचे काम. कपाटात महिनोन्महिने पडून राहिलेली लिथियमची बॅटरी अगदी रिकामी झाली, की ती आधी अगदी थोडा प्रवाह घेते. तेवढा वेळ पडद्यावर काहीच उमटत नाही, आणि माणूस पाच मिनिटांत वायर काढून मोकळा होतो. तसे करू नका. काही तास लावूनच ठेवा. त्यानंतर वरचे पॉवरचे बटण पंधरा सेकंद दाबून धरा, सोडा, पुन्हा एकदा दाबा. अडकून बसलेले यंत्र पुष्कळदा एवढ्यानेच जागे होते.

पण पाठ फुगलेली दिसली, पडदा कडेने उचलला असेल, किंवा हाताला चटका बसत असेल, तर यातले काहीच करू नका. चार्जर काढा आणि मुलांना लांब ठेवा. फुगलेली बॅटरी टोचली किंवा दाबली तर पेट घेते. ती घरच्या कचऱ्यातही टाकायची नाही; ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यावी.

हे सारे करूनही यंत्र उठले नाही, तर चार्जिंगचे तोंड किंवा आतली वीज सांभाळणारी चिप गेलेली असू शकते. या दोन्ही गोष्टी कुशल कारागीर बदलू शकतो. मात्र यंत्र त्याच्या हाती देण्याआधी एवढे बजावून सांगा : "आतले काही पुसायचे नाही, मुलीचा खेळ आहे त्यात."