‘भेट’ म्हणून आलेला माल

ईएसपी-०१ नावाचं वायफाय मॉड्यूल जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर रुंद असतं. नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेल्या टपाल तिकिटाखाली ते सहज झाकलं जाईल. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीच्या ईएसपी८२६६ या चिपवर बेतलेलं हे मॉड्यूल २०१४ साली बाजारात आलं, तेव्हा त्याची माहितीपत्रकं चिनी भाषेत होती आणि किंमत पाच डॉलरच्या आत, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने तीनशे रुपयांपर्यंत. त्याआधी आर्डुइनो या हौशी लोकांच्या कंट्रोलर बोर्डाला वायफाय द्यायचं तर नुसतं जोडबोर्डच काही हजारांना पडायचं. घरातला दिवा, गीझर, पाण्याची मोटार फोनवरून चालवण्याचा खटाटोप मध्यमवर्गीय घरात शिरला तो या तीनशे रुपयांमुळे. दहा-अकरा वर्षांचा हा काळ मागे वळून पाहताना सगळे त्या स्वस्ताईची आठवण काढतात, आणि मग बंदी आली, कर आले, मजा गेली, असा सूर लागतो. मला तो हिशेब अर्धवट वाटतो. तीनशे रुपये हा त्या मालाचा भाव कधीच नव्हता. भावाचा मोठा हिस्सा दुसऱ्यांच्या खिशातून जात होता, आणि या दहा वर्षांत ते खिसे एकेक करून शिवले गेले.

त्याआधीची सोय काय होती, ते पाहिलं म्हणजे या बदलाचा आवाका कळतो. नाशिक रोडच्या माणसाला सुट्या भागांसाठी दोन वाटा होत्या. एक, सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबई गाठायची आणि ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड पालथा घालायचा. दुसरी, पुण्याला जाऊन बुधवार पेठेतली तापकीर गल्ली. दोन्हीकडे रेझिस्टर, ट्रान्झिस्टर, ट्रान्सफॉर्मर मुबलक. पण नवा सेन्सर हवा असेल तर दुकानदार जे मागवेल तेच मिळणार, आणि एका नगासाठी कोणी मागवत नसे. अलीएक्सप्रेससारख्या चिनी बाजाराने नेमकी ही गाठ सोडवली. एक नग, घरपोच, पाठवणी फुकट. तीन आठवडे ते दोन महिने वाट पाहायची. माल बॅलार्ड इस्टेटमधल्या विदेश डाक भवनातून, कस्टमच्या नजरेखालून सुटून, साध्या टपालाने नाशिक रोडच्या पोस्टात येणार. राखाडी प्लॅस्टिकचं पाकीट, आत बुडबुड्यांचं वेष्टन, वर सीएन २२ हे सीमाशुल्काचं चिटोरं, आणि त्या चिटोऱ्यावर बहुधा ‘भेट’ या शब्दासमोर बरोबरची खूण. शेन्झेनच्या व्यापाऱ्याने जेल रोडच्या ग्राहकाला दिलेली भेट!

फुकट पाठवणी ही व्यापाऱ्याची उदारता नव्हती; तिथे पहिला खिसा होता टपालखात्याचा. जागतिक टपाल संघाच्या नियमांनुसार दुसऱ्या देशातून आलेलं पाकीट घरोघर पोचवण्याबद्दल पाठवणाऱ्या देशाचं टपालखातं घेणाऱ्या देशाच्या खात्याला मोबदला देतं. १९६९ पासून चालत आलेल्या या व्यवस्थेत विकसनशील देशांचे दर कमी ठेवलेले होते, आणि चीन जगाचा कारखाना झाल्यावरही बराच काळ त्याच गटात राहिला. त्यामुळे शेन्झेनहून अमेरिकेतल्या एखाद्या गावाला छोटं पाकीट धाडणं हे शेजारच्या राज्यातून धाडण्यापेक्षा स्वस्त पडायचं. यावर २०१८ साली अमेरिकेने संघातूनच बाहेर पडण्याची नोटीस दिली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हाला भरलेल्या विशेष अधिवेशनात दर वाढवण्याची मुभा मिळाली. घंटी वाजवून दारात पाकीट देणारा पोस्टमन त्या पाकिटाच्या किमतीत पुरता धरलेलाच नव्हता, एवढं यातून उघड झालं.

दुसरा खिसा सरकारचा. आपल्याकडे पाच हजार रुपयांपर्यंतच्या परदेशी भेटवस्तूला सीमाशुल्क माफ होतं. सवलत होती परदेशातल्या मावशीने भाच्याला धाडलेल्या घड्याळासाठी; तिच्यावर चालू लागला अख्खा व्यापार. १२ डिसेंबर २०१९ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने ई-व्यापारातून भेट म्हणून येणाऱ्या मालाची आयात बंद केली. अपवाद दोनच, जीवनरक्षक औषधं आणि राखी. (राखीला सवलत ठेवणाऱ्या त्या अनामिक अधिकाऱ्याबद्दल मला आदर वाटतो.) आता एका सेन्सरवर मूळ सीमाशुल्क, त्यावर समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्या बेरजेवर जीएसटी. पुढे जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी चकमक झाली, आणि २४ नोव्हेंबर २०२० ला बंदी घातलेल्या ४३ अ‍ॅपच्या यादीत अलीएक्सप्रेसचं नाव आलं. लोकांच्या लक्षात हीच तारीख राहिली. पण स्वस्ताईचा कणा वर्षभर आधीच मोडला होता, तोही सीमेवरच्या तणावाशी काडीचा संबंध नसलेल्या एका रुक्ष अधिसूचनेने. हा फरक मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण सगळा दोष राजकारणावर टाकला की हिशेब पाहायचा राहूनच जातो. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून २२ युरोपर्यंतच्या आयातीवरची करमाफी काढली. अमेरिकेने चिनी मालापुरती २ मे २०२५ ला आणि साऱ्या जगासाठी २९ ऑगस्ट २०२५ ला ८०० डॉलरपर्यंतची माफी संपवली. म्हणजे नाशिक रोडच्या हौशी माणसाला जे २०१९ मध्ये सोसावं लागलं, ते ओहायोतल्या त्याच्या भाऊबंदाला सहा वर्षांनी सोसावं लागलं. गलवान नसतं तरी हा खिसा कधी ना कधी शिवला गेलाच असता.

बंदीच्या बाजूने सुरक्षेचा मुद्दा मांडला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घरात माणूस कधी असतो, दिवे कधी मालवतात, ही माहिती परदेशी सर्व्हरवर साठत असेल तर ती चिंतेची बाब आहेच. पण बंदी दुकानावर आली, मालावर नाही. तशीच चिनी चिप आणि तशीच चिनी क्लाउड सेवा भारतीय नावाच्या खोक्यात घालून विकलेला दिवा आजही कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. आणि सर्व्हर अमेरिकेत असला म्हणून घर सुरक्षित झालं असंही नाही. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या अमेरिकी कंपनीचे सर्व्हर एका दिवसात गप्प झाले आणि लोकांच्या भिंतीवरच्या बटणांनी फोनला ओळख देणं सोडलं. यावर खरा उतारा हौशी मंडळींनीच काढला होता. पॉलस स्काउटसेनने २०१३ मध्ये सुरू केलेलं होम असिस्टंट, डच प्रोग्रामर थिओ अरेंड्सचं टास्मोटा, नंतरचं ईएसपीहोम, या सगळ्यांचा गाभा एकच: कंपनीचा प्रोग्राम पुसा, आपला भरा, आणि बटण ते दिवा हा निरोप घराच्या चार भिंतींबाहेर जाऊ देऊ नका. हाही एक खिसाच, फुकट राबणाऱ्यांचा. मात्र एवढा एकच खिसा अजून शिवलेला नाही.

आता सगळ्यात शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात महाग खिसा: ज्या घरात हे सगळं बसवायचं त्याचा. परदेशी स्वस्त बोर्डावर एक निळी चौकोनी डबी हमखास दिसते. साँगल कंपनीचा रिले, म्हणजे छोट्या विजेने मोठी वीज चालू-बंद करणारं बटण; वर छापलेलं १० अँपियर, २५० व्होल्ट. बोर्ड उलटा करून पाहावा. रिलेच्या एका बाजूला ५ व्होल्ट, जे बोटाला कळतही नाहीत. दुसऱ्या बाजूला महावितरणचे २३० व्होल्ट. दोन्हींच्या तांब्याच्या रेघांमध्ये पाच-सहा मिलिमीटर मोकळी जागा हवी, आणि चांगल्या बोर्डावर रिलेखाली आरपार खाच कापलेली असते, म्हणजे धूळ आणि दमट हवा जमून वीज रांगत पलीकडे जाऊ नये. स्वस्त बोर्डावर खाच नसते आणि रेघा एकमेकींना खेटून जातात. बरं, भार किती? दोन किलोवॅटचा गीझर म्हणजे जवळजवळ नऊ अँपियर, तीन किलोवॅटचा म्हणजे तेरा. पहिला रिलेच्या काठावर, दुसरा काठापलीकडे. एक हॉर्सपॉवरची मोटार चालू असताना भागते, पण सुरू होताना काही पट जास्त करंट ओढते, आणि त्या ठिणगीत रिलेची टोकं एकमेकांना चिकटतात. फोन सांगतो मोटार बंद, आणि खालची टाकी कोरडी होईपर्यंत मोटार घरघरत राहते. त्यात वायरमनने फेज आणि न्यूट्रल उलट जोडलेले असले, तर रिले न्यूट्रल तोडतो आणि बंद दिसणाऱ्या गीझरमध्ये फेज जिवंत राहतो. यावर इलाज जुना आहे: रिलेने मोटारीला हात लावायचा नाही, कॉन्टॅक्टरची, म्हणजे जड भारासाठीच्या मोठ्या रिलेची, कॉइल तेवढी ओढायची, आणि मोटारीचा भार कॉन्टॅक्टरने वाहायचा. सातपूर-अंबडच्या कारखान्यात पॅनल जोडणाऱ्या कोणालाही हे झोपेतसुद्धा माहीत असतं. भिंतीवरच्या साध्या बटणाला आपल्याकडे आयएस ३८५४ हे मानक आहे. त्याच बटणामागे दडवलेल्या बोर्डाला, ‘भेट’ म्हणून आला म्हणून, कोणी कधी काही विचारलं नाही. तपासणीचा खर्च वाचला होता, एवढाच त्या स्वस्ताईचा अर्थ. म्हणून मी ही रेघ स्पष्ट ओढतो. ५ व्होल्टच्या बाजूचं काहीही, सेन्सर, चिप, स्क्रीन, जगातून कुठूनही स्वस्त घ्यावं. २३० व्होल्टला जे टेकतं ते स्थानिक इलेक्ट्रिकच्या दुकानातून, खूण पाहून, बिल घेऊन.

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, की इतका काटेकोर हिशेब २०१४ मध्येच मांडला असता तर कोणी काही शिकलंच नसतं. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाही. स्वस्त चुकीची किंमत स्वस्त असते, हा त्या काळाचा खरा फायदा. ३.३ व्होल्टच्या ईएसपी-०१ ला चुकून ५ व्होल्ट दिले तर तीनशे रुपये जायचे, तीन हजार नाही. नाशिकपुरतं बोलायचं तर त्याच सुमाराला, २०१४-१५ मध्ये, नाशिकचेच रमेश रासकर यांच्या पुढाकाराने एमआयटी मीडिया लॅबच्या मंडळींनी इथे कुंभथॉन भरवला, आणि त्यातून शाळकरी वयाच्या निलय कुलकर्णीने पायाखालच्या दाबावरून माणसं मोजणारी ‘आशिओटो’ चटई केली. २०१५ च्या कुंभमेळ्यात ती प्रत्यक्ष अंथरली गेली. घरच्या ऑटोमेशनचं ते उदाहरण नव्हे, हे खरं. पण सेन्सर, छोटा संगणक आणि फोन यांची जोडणी घरच्या टेबलावर करता येते, हा विश्वास त्याच हवेतला. फक्त, शिकायला स्वस्ताई हवी म्हणून भिंतीतही तीच स्वस्ताई गाडावी, हे त्यातून निघत नाही.

दुसरा आक्षेप स्वदेशीचा: हे सगळं इथेच बनवा, म्हणजे प्रश्नच मिटला. नाशिक रोडला हा युक्तिवाद नवा नाही. हे गाव त्यावरच उभं आहे. भारताची टपाल तिकिटं लंडनच्या डी ला रू कंपनीत छापली जायची. १९२५ मध्ये सिक्युरिटी प्रेस इथे आला, १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेसही. छपाई इथे आली, पण नोटांचा कागद बाहेरूनच येत राहिला. होशंगाबादची कागद गिरणी निघाली १९६८ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी, आणि तिच्यानंतरही म्हैसूरची गिरणी २०१५ नंतर चालू होईपर्यंत परदेशी कागदावर भिस्त होतीच. वस्तू एका जागी ‘बनते’ असं म्हणणं सोपं असतं. एस्प्रेसिफच्याच बाबतीत पाहा: चिप तैवानमध्ये घडते, मॉड्यूल चीनमध्ये जुळतं, आणि तिच्या सॉफ्टवेअरचा एक भाग पुण्यातल्या त्यांच्या केंद्रात लिहिला जातो. मराठी बोलणाऱ्या इंजिनिअरने लिहिलेला प्रोग्राम जगाला वळसा घालून नाशिकला येतो.

आणि येतो तोही पुण्यावरूनच. बंदीनंतर परदेश लांब गेला नाही. तो ठोक आयातदाराच्या गोदामात येऊन बसला. रोबू या नावाने सुटे भाग विकणारी पुण्याची मॅकफॉस २०२३ च्या सुरुवातीला मुंबई शेअर बाजाराच्या एसएमई मंचावर उतरली, यावरूनच या धंद्याचा आकार ध्यानात यावा. आता तोच निळा रिले, तोच सेन्सर दोन-तीन दिवसांत कुरिअरने बिटको चौकापर्यंत येतो. काही पैसे जास्त पडतात. निवडही आकसली आहे, हे कबूल करायला हवं. आयातदार खपणारं तेच मागवतो, आणि ज्याला एकच, विचित्र, जगात पन्नास जणांना लागणारा सेन्सर हवा असतो तो पुन्हा तापकीर गल्लीच्या काळात जाऊन पडला आहे. त्याची तक्रार मला रास्त वाटते, आणि तिच्यावर उत्तर नाही. बदल्यात जे मिळालं ते पाकिटाच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं: मूळ देश, आयातीचा महिना, सर्व करांसह कमाल किंमत, आणि जिथे पूर्वी ‘भेट’ शब्दासमोर खूण असायची तिथे आयातदाराचं नाव, पत्ता आणि तक्रारीसाठी फोन नंबर.