प्रवेशाची दोन दारे

‘वर्ष वाया जायला नको’ म्हणून बारावी होताच मुलाचे नाव गावातील महाविद्यालयात घालण्याची आपल्या व्यापारी कुटुंबांत रीत आहे. परंतु कॅलिफोर्निया विद्यापीठाचा मानस असेल, तर ही घाई महाग पडू शकते. बारावीनंतर महाविद्यालयाच्या नियमित सत्रात प्रवेश घेतला की तेथे तो प्रथम वर्षाचा नव्हे, ‘ट्रान्सफर’ अर्जदार गणला जातो. प्रथम वर्षासाठी परदेशी विद्यार्थ्यास किमान ३.४ जीपीए लागतो. एसएटीचे गुण निवडीसाठी पाहिले जात नाहीत. ट्रान्सफरसाठी किमान २.८ चालतो, मात्र सुमारे दोन वर्षांचे, म्हणजे ६० सेमिस्टर युनिट्सचे शिक्षण झालेले असावे लागते आणि प्राधान्य तेथील कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना असते. म्हणून आधी दार ठरवावे, मगच नाव घालावे.