प्लायचे पापुद्रे का सुटतात?

आज आपण प्लायबद्दल बोलणार आहोत. हा विषय सुतारांचा, त्याचा आपल्याशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही तसंच वाटत होतं. मग आमच्या गटाचे साडेअकरा हजार रुपये पाण्यात गेले आणि विषय आमचा झाला.

झालं असं. पापड-मसाल्याच्या खोलीसाठी आम्ही गटाच्या बचतीतून प्लायच्या चार मांडण्या करून घेतल्या. मे महिन्यात त्या आल्या तेव्हा नव्या नवरीसारख्या दिसत होत्या. श्रावण लागेपर्यंत खालच्या फळ्या फुगल्या. कडेला बोट लावलं की पापुद्रे सुटायचे. एक फळी वाकली आणि हळदीचा डबा खाली आला.

त्या महिन्याच्या बैठकीत आवाज चढले. ज्या ताईंनी खरेदी केली होती त्यांच्याकडे सगळ्यांची बोटं वळली. "कमिशन खाल्लं असेल," असंही कुणीतरी पुटपुटलं. ताईंनी काही न बोलता बिल पुढे ठेवलं. बिलावर स्वच्छ लिहिलं होतं, "एमआर प्लाय". दुकानदार तोंडाने म्हणाला होता, "पाण्याने काही होत नाही." एमआर म्हणजे काय, हे ताईंना ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर आमच्यापैकी एकीलाही नव्हतं. बिलावर सह्या मात्र तिघींच्या होत्या. तेव्हा दोष एकीचा नव्हता, अडाणीपण आमचं सगळ्यांचं होतं. म्हणून आम्ही माहिती काढायला बसलो. जे कळलं ते तुम्हाला सांगतो.

उभं आणि आडवं

सरपण फोडताना आपण काय पाहतो? कुऱ्हाड उभ्या रेषेत मारली की लाकूड चटकन चिरतं. आडवं तोडायला घाम निघतो. लाकडाचे तंतू खोडाच्या लांबीने धावतात. तंतूंच्या दिशेने लाकूड बळकट आणि त्यांच्या आडव्या दिशेने कमजोर.

दुसरी गोष्ट, पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं. ते रुंदीला फुगतं, उंचीला फारसं वाढत नाही. म्हणजे पाणी प्यायलं की लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेनेच जास्त पसरतं.

प्लायची सगळी युक्ती या दोन गोष्टींत आहे. ओंडका भिजवून किंवा वाफवून मऊ करतात, मग फिरत्या यंत्रावर चढवून लांब पात्याने त्याचा पातळ पापुद्रा काढतात. शार्पनरमधून पेन्सिलची साल निघते तसाच. पापुद्रे वाळवायचे, एक उभा, त्यावर एक आडवा, पुन्हा एक उभा असे खळ लावून रचायचे आणि दाबून धरायचे. कापडात जसा उभा आणि आडवा धागा एकमेकाला धरून ठेवतो, तसं इथे होतं. एका पापुद्र्याला फुगायचं असलं तरी शेजारचा त्याला पसरू देत नाही. चिरायचं म्हटलं तरी पुढचा थर आडवा उभा असतो.

थर सहसा तीन, पाच, सात, नऊ असे विषम असतात. मधल्या थराच्या दोन्ही बाजूंना सारखी ओढ राहावी म्हणून. तसं नसेल तर फळी एका बाजूने भाजलेल्या पापडासारखी वळते.

चार हजार वर्षांपूर्वीची कल्पना

ही कल्पना आजची नाही. इजिप्तमध्ये सक्कारा इथल्या पायऱ्यांच्या पिरॅमिडमध्ये एक शवपेटी सापडली. ती साडेचार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची आहे आणि तिच्या फळ्या लाकडाच्या सहा पातळ थरांच्या आहेत. थर एकमेकांना आडवे ठेवून लाकडी खुंट्यांनी जोडले होते.

पुढे खुंट्यांची जागा चिकट पदार्थांनी घेतली. पुष्कळ काळ वापरली गेली ती सरस, म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडं उकळून केलेली. यंत्राने पापुद्रा काढण्याचं श्रेय इमॅन्युएल नोबेल यांना दिलं जातं. ज्यांच्या नावाने नोबेल पुरस्कार देतात, त्या आल्फ्रेड नोबेल यांचे हे वडील. 1865 साली अमेरिकेत जॉन मेयो यांनी आडवे-उभे थर चिकटवण्याचं पेटंट घेतलं.

पण लोकांच्या घरात प्लाय शिरला तो एका प्रदर्शनातून. आपण महालक्ष्मी सरसला स्टॉल लावतो ना, तसंच समजा. 1905 साली अमेरिकेत पोर्टलंड शहरात मोठं प्रदर्शन भरलं. तिथल्या एका लहान कारखान्याने काहीतरी नवं मांडायचं ठरवलं. धड यंत्रं नव्हती. त्यांनी रंगाच्या ब्रशने सरस लावली आणि घरं उचलायच्या जॅकने फळ्या दाबल्या. त्या सरशीचा वास अगदी नकोसा असायचा म्हणतात. पण माल लोकांना आवडला आणि दारांसाठी मागणी सुरू झाली.

एक दुखणं मात्र राहिलंच. सरस पाण्याने सुटायची. दुधातल्या केसीनपासून केलेली खळही होती. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडने मॉस्किटो नावाचं विमान प्लाय आणि हलक्या बाल्सा लाकडाचं बनवलं. फर्निचरच्या कारखान्यांत त्याचे भाग तयार होत आणि तिथे बायकाही कामाला होत्या. सुरुवातीच्या विमानांचे जोड केसीनच्या खळीचे होते. पुढे रासायनिक खळ वापरायला लागले.

कच्चं मडकं, भाजलेलं मडकं

ही रासायनिक खळ म्हणजे काय, ते मडक्यावरून कळेल. कच्चं मडकं पाण्यात ठेवलं तर त्याचा चिखल होतो. भट्टीतून निघालं की तेच मडकं पाणी धरून ठेवतं. उष्णतेने माती कायमची बदलते.

1907 साली लिओ बेकलँड या शास्त्रज्ञाने फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड ही दोन रसायनं एकत्र करून असाच पदार्थ केला. एकदा तापून घट्ट झाला की तो पुन्हा वितळत नाही आणि पाण्यात विरघळत नाही. 1934 साली अमेरिकेतल्या एका प्लाय कारखान्यातले रसायनतज्ज्ञ जेम्स नेविन यांनी पाण्याला पूर्ण दाद न देणारी खळ तयार केली. तेव्हापासून प्लाय घराबाहेर आणि बोटींतही वापरता येऊ लागला.

दुसरी खळ युरियाची. होय, आपण पिकाला घालतो तोच युरिया, फॉर्मल्डिहाइडबरोबर. ही स्वस्त असते. 2015 पासून देशात बनणाऱ्या सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप द्यायचा नियम झाला. शेतकऱ्याचा अनुदानाचा युरिया अशा कारखान्यांकडे वळू नये, हाही त्यामागचा एक हेतू होता.

युरियाची खळ कोरड्या जागी चांगली टिकते. पण ओल आणि उष्णता सतत मिळाली की तिची पकड आतून तुटत जाते. आमच्या मांडण्या याच खळीच्या होत्या. खोलीची फरशी पावसाळ्यात पाझरते आणि मांडण्यांचे पाय थेट फरशीवर होते. खालच्या फळ्यांच्या कापलेल्या कडाही उघड्या होत्या. तंतूंच्या तोंडातून पाणी आत शिरलं आणि खळ सुटली.

खरेदीला जाताना

एमआर म्हणजे मॉइश्चर रेझिस्टंट. दमट हवा सोसणारा, इतकंच. पाणी सोसेल असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. कपाट, टेबल, कोरडी खोली यासाठी तो चालतो. किंमतही कमी. जिथे पाणी लागणार, म्हणजे मोरीजवळ, ओट्याखाली, पाझरणाऱ्या खोलीत, तिथे बीडब्ल्यूपी हवा. बीडब्ल्यूपी म्हणजे बॉइलिंग वॉटर प्रूफ, उकळत्या पाण्यालाही न सुटणारा. मरीन प्लायचं भारतीय मानक आयएस 710 आहे. त्याचा नमुना 72 तास उकळत्या पाण्याच्या कसोटीला उतरावा लागतो.

तेव्हा दुकानात चार गोष्टी करा.

एक, फळीवर छापलेलं वाचा. आयएसआय चिन्ह, मानकाचा आकडा आणि परवाना क्रमांक पाहा. हा क्रमांक बीआयएस केअर या मोबाईल ॲपवर घालून खरा-खोटा कळतो.

दोन, दुकानदाराचं तोंडी बोलणं बिलावर लिहून घ्या. "वॉटरप्रूफ" म्हणत असेल तर बिलावर ग्रेड आणि मानक लिहायला सांगा. लिहायला कांकूं केलं तर काय समजायचं ते समजा.

तीन, रंगावर जाऊ नका. फिनॉलची खळ गडद तांबूस दिसते हे खरं, पण खळीत रंग मिसळता येतो.

चार, मोठी खरेदी असेल तर आधी एक तुकडा मागून घ्या आणि तीन-चार तास उकळत्या पाण्यात ठेवा. भांडं जुनं घ्या, पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका आणि हे काम अंगणात करा. तुकड्याचे थर सुटले तर तो प्लाय पाण्याच्या जागेसाठी नाही, हे पक्कं. नाही सुटले तर पहिली परीक्षा पास झाली म्हणायचं. 72 तासांची खात्री त्यातून मिळत नाही, म्हणून छाप पाहायचाच.

आणखी एक महत्त्वाचं. प्लायचे तुकडे चुलीत घालू नका. आमच्याकडे फुटलेल्या फळ्या सरपणाला न्यायला दोघीतिघी तयार होत्या. त्या खळीच्या धुरात विषारी वायू असतात. बंद स्वयंपाकघरात तो धूर आपल्या आणि लेकरांच्या छातीत जातो. नव्या फर्निचरचा वास डोळ्यांना झोंबतो तोही फॉर्मल्डिहाइडचा असतो. काही दिवस दारं-खिडक्या उघडी ठेवा, मगच खाण्याचं सामान ठेवा.

बांबूच्या चटईचा बोर्ड

या खळीचा आपल्यासारख्यांना जवळचा एक उपयोग आहे. बंगळूरच्या इंडियन प्लायवूड इंडस्ट्रीज रिसर्च अँड ट्रेनिंग इन्स्टिट्यूटने बांबूच्या चटयांचा बोर्ड आणि छपरासाठी पन्हाळीचा पत्रा तयार करण्याची पद्धत शोधली. हाताने विणलेल्या चटया फिनॉलच्या खळीत भिजवतात, सुकवतात आणि गरम यंत्रात दाबतात. त्या चटया विणणारे हात बहुतेक बायकांचेच असतात. खळ कारखान्याची असली तरी उभं-आडवं विणणं आपलंच. ज्या भागात बांबू आहे, तिथल्या गटांनी याची चौकशी जरूर करावी.

आमच्या मांडण्यांचं काय झालं, ते सांगून थांबतो. वरच्या फळ्या धड होत्या, त्या ठेवल्या. खालच्या काढून कडप्पा बसवला. पाय विटांवर घेतले आणि उघड्या कडांना पट्टी मारली. आणि पुढच्या बैठकीत त्या ताईंची माफी मागितली, कुजबुजीत नाही, सगळ्यांसमोर. ठरावाच्या वहीत आता एक ओळ आहे : पाच हजारांवरच्या खरेदीचं बिल सही करण्याआधी बैठकीत मोठ्याने वाचायचं, आणि त्यातला जो शब्द कळणार नाही तो विचारायचा.

तुमच्या घरातल्या एखाद्या फळीवर काय छापलं आहे, ते आज जाऊन वाचा. पुढच्या बैठकीत एकमेकींना सांगा.